केना दुपारी फुललेला भेटत नाही

काल एका ग्रुपवर तेरड्याचा फोटो आला, एकदम क्लोजअप, मागे काळंकुट्ट, पाकळीवर मोत्यासारखे थेंब, खाली पावणेदोनशे लाईक. आता मी त्याच सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात होते आणि हा फोटो कसा काढला ते माझ्यासमोर घडलंय म्हणून लिहितेय, नाहीतर कोण कशाला वाईटपणा घेईल. थेंब बाटलीतून मारलेले, त्यात ग्लिसरीन घातलेलं म्हणजे ओघळत नाहीत. मागे काळा कार्डपेपर. आणि तो कार्डपेपर नीट उभा राहावा म्हणून आजूबाजूचे चार तेरडे मुळासकट उपटून बाजूला टाकलेले, कळ्यांसकट. थेंबांबद्दल माझं काही म्हणणं नाही, हौस असते एकेकाची. पण ते चार तेरडे? खाली परत कॅप्शन होतं, निसर्गाच्या सान्निध्यात.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, यांनी तेवढेही ठेवले नाहीत.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही हं. चार वर्षांपूर्वी नवीन नवीन मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, घेतली तेव्हा मीपण हेच करायचे, याला म्हणे गार्डनिंग म्हणतात, फ्रेममध्ये मधे येणारं गवत साफ करायचं. एकदा पायानेच गवत दाबलं, फोटो काढला, उठले आणि बघते तर पायाखाली कवल्याची पाच-सहा रोपं चेपलेली. कवला म्हणजे ते पिवळं फूल, दोन लाल ठिपके असतात, मिकी माऊस म्हणून मुलं ओळखतात. मी ज्याच्यासाठी आठवडाभर शोधत होते तेच! फोटो काढला होता कुठल्यातरी गवताच्या तुऱ्याचा, तोही हलला होता.

तर माझं सरळ मत आहे, क्लोजअपला काहीही उपटायची गरज नसते, आणि जो उपटतो त्याला एकतर घाई असते नाहीतर खाली बसायचा कंटाळा. मागचं गवत नको असेल तर स्वतः हला ना. कॅमेरा चार बोटं खाली घ्या, जरा डावीकडे सरका, फुलाच्या मागे लांबवर काहीतरी येईल असा कोन शोधा, मागचं जितकं लांब तितकं ते धूसर होतं, आपोआप हिरवा पडदा तयार. एखादी काडी फारच मधे येत असेल तर केसांची क्लिप लावून बाजूला धरायची, काम झालं की सोडून द्यायची, ती परत उभी राहते. माझ्या बॅगेत अशा आठ क्लिपा आहेत आणि एक जुनी चटई. लेन्सच्या आधी चटई घ्या असं मी सगळ्यांना सांगते, लोक हसतात.

कारण खरा त्रास फोकसचा असतो. फुलाची कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरची प्रतिमा फुलाएवढीच मोठी आली की एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं भोक बऱ्यापैकी बारीक करूनही, जेमतेम एक मिलिमीटरभर भाग शार्प मिळतो. एक मिलिमीटर! आपण श्वास घेतला तरी फोकस गेला. म्हणून ऑटोफोकस बंद करायचा, कोपरं जमिनीला टेकवायची आणि डोकं केसभर पुढे मागे करत बसायचं. त्यात वारा. येऊरला सकाळी साडेसात-आठपर्यंत जरा शांत असतं, नंतर वारा सुटतो, मग एका फोटोला पंधरा मिनिटं. ढगाळ असेल तर सोन्याहून पिवळं, सगळं आभाळच डिफ्यूजर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, होतं. ऊन असेल तर पांढरी छत्री धरा. मोबाईलवाल्यांनी त्या दोन मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याच्या नादी लागू नका, तो नावालाच असतो, मेन कॅमेऱ्याने जरा मागे सरकून झूम करून काढा, बरा येतो.

आणि दरवेळी येऊर, कास, माळशेज कशाला पाहिजे हेही मला कळत नाही. माझे सगळ्यात चांगले फोटो घराच्या बाल्कनीतले आहेत. तुळशीच्या कुंडीत केना उगवला होता, मी तण म्हणून उपटणारच होते. केन्याचं फूल नखाएवढं, दोन निळ्या पाकळ्या मोठ्या, तिसरी खाली लपलेली बारकी, मधे पिवळे केसर, त्यातले काही नुसते देखाव्याचे, किडे यावेत म्हणून. घडी घातलेल्या पानाच्या द्रोणातून सकाळी बाहेर येतं आणि दुपारपर्यंत मलूल. पहिले तीन दिवस मी ऑफिसातून आल्यावर कॅमेरा घेऊन जायचे आणि फूल गायब, मला वाटलं चिमण्या खातायत. शेवटी एका शनिवारी सकाळी सातला गाठलं. पाकळी जवळून बघितली तर सपाट निळी नाहीच, बारीक बारीक दाण्यांची, ऊन तिरकं पडलं की चमचमते, साखर भुरभुरल्यासारखी. हा केना जमिनीखालीसुद्धा फुलं धरतो, ती उमलतच नाहीत, बंदच्या बंद बी तयार करतात. म्हणजे वरचं कोणी उपटलं तरी याची सोय झालेली. तेरड्याची ती सोय नाही हो.

तीन आठवडे मी त्या एका कुंडीसमोर बसले. एकशेचाळीस फोटो, त्यातले चार बरे. पाचव्यासाठी या रविवारी उठले, चटई टाकली, बघते तर कुंडीत नुसत्या देठांचे बुडखे. सासूबाई किचनमधून म्हणाल्या, अगं तो केना किती माजला होता, पानं काढली सगळी, बेसन भिजवलंय, भजी करतेय, गरम आहेत तोवर ये.

खाली पाच फोटो टाकलेत. पाचवा भज्यांचा आहे, तो मात्र एका फटक्यात शार्प आला.