अंगारा नको, कार्ड नंबर पाठवा

अमेरिकेतला तुमचा भाचा काउंटी जेलमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या तुरुंगात असेल, तर आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेलाय’ असं टाकून मोकळे व्हा. घाबरण्यासारखं काही नाही. शिक्षा भोगणारे बरेचसे प्रिझनमध्ये, म्हणजे राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात. काउंटी जेल शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, आणि तिथल्या बहुतेकांचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नसतो. म्हणजे भाचा कायद्याने निर्दोषच आहे, फक्त जामिनाइतके पैसे नाहीत. निर्दोष असण्याचा बाकीचा खर्च आता सांगतो.

पत्र लिहाल तेव्हा सवयीने वर ‘श्री’ काढाल, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावाल आणि आजीचा जीव राहत नाही म्हणून घडीत चिमूटभर अंगारा ठेवाल. अजिबात नको. तुमचा अंगारा तिथे अनोळखी पूड ठरतो आणि कुंकू म्हणजे संशयास्पद डाग. कागदाला अमली द्रव्य लावून आत धाडणारे खरोखरच सापडलेत, त्यामुळे अत्तर, चमकी, स्टिकर, धाकटीने रंगीत खडूने काढलेला मोर, सगळेच आरोपी. मराठीत लिहिलंत आणि तपासणाऱ्याला वाचता आलं नाही, तर पत्रही भाच्यासारखंच अडकून पडेल. पुस्तक पाठवायचं तर कोरं, कागदी बांधणीचं आणि थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानातून. घरच्या कपाटातलं, मामाची सही असलेलं, चालत नाही.

एवढं पाळूनही तुमचा कागद त्याच्या हातात पडेलच असं नाही. कित्येक ठिकाणी पत्र दुसऱ्या राज्यातल्या कंपनीकडे जातं, तिथे स्कॅन होतं आणि भाचा ते टॅबलेटवर वाचतो. मूळ कागदाची यथावकाश कापणी होते. पेनसिल्वेनियाच्या राज्य तुरुंगांनी 2018 पासून कैद्यांची टपाल फ्लोरिडाला पाठवायला सुरुवात केली. त्याआधी 2007 मध्ये ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ जो अर्पायो यांनी लिफाफाच बाद करून फक्त पोस्टकार्ड ठेवलं होतं. ओरेगनमधल्या कोलंबिया काउंटीनेही तोच कित्ता गिरवला, पण 2013 मध्ये फेडरल न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. न्यायाधीशांना काटकसर कळत नाही, दुसरं काय!

पैसे मात्र कुठल्याही भाषेत चालतात. अंगाऱ्यावरून एवढं रामायण करणारी यंत्रणा तुमच्या कार्डाचे सोळा आकडे एका दमात वाचते. वेबसाइटवरून पाठवा, फोनवरून पाठवा, जेलच्या लॉबीतल्या यंत्रात घाला. प्रत्येक वाटेवर कंपनीची फी आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्यात काउंटीचाही वाटा असतो. थोडेथोडे पाठवलेत तर फी दर वेळी नव्याने. पैसे भाच्याच्या जेलमधल्या खात्यात पडले की आधी काउंटी आपली उधारी वळती करते: नोंदणीची फी, डॉक्टरला दाखवल्याची फी, काही ठिकाणी तर राहण्याचं भाडं. केंटकीतल्या क्लार्क काउंटीने एकाला वर्षभराहून जास्त डांबलं, आरोप मागे घेतले गेले, तरी राहण्याखाण्याचं सुमारे 4,000 डॉलरचं बिल लावलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते चुकीचं ठरवलं. म्हणजे फुकट राहायची सोय झाली, चार चौघांत सांगायला हरकत नाही.

उरल्या पैशांत भाचा जेलच्या दुकानातून नूडल्स घेईल. जेवण मिळतं की, असं म्हणू नका. अलाबामातल्या इटोवा काउंटीच्या शेरीफने कैद्यांच्या जेवणाच्या निधीतले साडेसात लाख डॉलर स्वतःकडे ठेवल्याचं 2018 मध्ये उघड झालं. शिल्लक खिशात घालायला कायद्याची मुभा आहे, असं त्याचं म्हणणं. समुद्रकाठी त्याचं एक घरही होतं.

सुटताना खात्यात काही उरलंच, तर रोख मागून लाज आणू नका. बऱ्याचदा ते डेबिट कार्डावर देतात आणि कार्डाला स्वतःची फी असते. याच कार्डांवरून 2021 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण खात्याने जेपे कंपनीला 40 लाख डॉलर ग्राहकांना परत करायला आणि वर 20 लाख दंड भरायला लावला. भाच्याला एवढंच बजावा, आधी एटीएम गाठ आणि मग आईला फोन कर. कार्ड नुसतं खिशात ठेवलं तरी त्याचे पैसे कापले जाऊ शकतात.