वयपरत्वे भक्तीचे नियोजन : नाशिककरांसाठी काही सूचना

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने 2018 मध्ये 106 देशांतील पाहण्या एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांपैकी 46 देशांत चाळिशीच्या आतली मंडळी थोरांपेक्षा धर्माला कमी महत्त्व देतात असे आढळले. त्याच संस्थेच्या 2021 मधील भारतविषयक अहवालात मात्र 97 टक्के लोकांनी आपला देवावर विश्वास असल्याचे सांगितले. आपणही त्या 97 टक्क्यांत असाल, असे धरून चालू. मग प्रश्न एवढाच उरतो की, कोणत्या वयात देवाला किती वेळ द्यावा आणि त्याच्याकडे काय मागावे. नाशिककराने आपले वय बारा-बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थांत मोजावे, म्हणजे हिशेब सोपा जातो.

पहिला सिंहस्थ वडिलांच्या खांद्यावर बसून पाहावा. या वयातील श्रद्धा अत्यंत निर्मळ असते आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याचा पहिला द्रोण पाठीमागे लपवून दुसऱ्यासाठी हात पुढे करणे, एवढीच तिची साधना असते.

दुसरा सिंहस्थ येईपर्यंत आपण नास्तिक झालेले असावे. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, हे वडिलांना नेमके आरतीच्या वेळी ऐकवावे. पुढे आपल्याच लग्नासाठी आई वधूवर सूचक मंडळाच्या अर्जातील जातीचा रकाना भरू लागली, की मोबाइलमध्ये डोके घालून बसावे. नास्तिकपणालाही सुट्ट्या लागतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नवश्या गणपतीला जाऊन यावे, कारण ती श्रद्धा नसून खबरदारी असते; आणि नवरात्रात मित्रांबरोबर रात्रभर चालत वणी गाठावी, मात्र घरी आल्यावर त्याला ट्रेक म्हणावे.

तिसऱ्या सिंहस्थाच्या सुमारास नोकरी, लग्न किंवा मूल यांपैकी काहीतरी अडलेले असतेच. अशा वेळी आपला विवेकवाद पायताणांबरोबर बाहेर काढून ठेवावा आणि त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीसाठी तीन दिवसांची रजा टाकावी. रजेच्या अर्जात ‘कौटुंबिक कारण’ लिहावे, ते खोटेही नाही. दर्शनाची रांग फार लांबलेली दिसली, तर दोनशे रुपयांचा देणगी दर्शनाचा पास घ्यावा आणि बाजूच्या मोफत रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहून खेड्यातल्या माणसांची श्रद्धा किती भोळी असते, असे पत्नीच्या कानात म्हणावे. गाभाऱ्यासमोर मात्र बॉसचा फोन उचलावा. देव समजून घेतो, बॉस घेत नाही.

चौथ्या सिंहस्थाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. त्या काळात घराचे हप्ते असतात.

पाचव्या सिंहस्थात, पंचवटीत घर असल्यास, भाविकांची सेवा करावी. अंगणात दर गाडीमागे ठरावीक रक्कम घेऊन वाहने उभी करू देणे आणि रिकामी खोली चढ्या भावाने देणे हीही सेवाच असून, तिचा हिशेब चित्रगुप्ताखेरीज कोणाकडेही ठेवू नये.

सहाव्या सिंहस्थाला भक्तीची खरी ओढ लागते आणि गुडघे नेमके तेव्हाच जातात. सप्तशृंगीच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या सहज चढता येत होत्या तेव्हा आपल्याला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे, म्हणून 2018 पासून सुरू असलेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने वर जावे आणि खाली आल्यावर पूर्वीची माणसे कशी अनवाणी चढत असत ते सांगावे. भजनी मंडळात नाव घालावे. तेथे पेटी कोणी वाजवायची यावरून वाद होतील. त्यांत हिरिरीने भाग घ्यावा, कारण ऑफिसमधून निवृत्त झालेल्या माणसाला अन्यत्र राजकारण करायला मिळत नाही. एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांचे प्रमाण डॉक्टरांना सांगू नये.

2027 च्या पर्वणीला नातू रामकुंडावर यायला नाही म्हणाला, तर तरुण पिढी धर्म विसरली असे मंडळात जाहीर करावे. तो केवळ रील काढायला यायला तयार झाला, तर तरुण पिढीत धर्म कसा जागा होत आहे ते त्याच मंडळात, त्याच आवाजात सांगावे.