करणपुऱ्याचं नाव कुठून आलं?

बिकानेरच्या राजघराण्याच्या ट्रस्टवरचा लेख आवडला, पण 'दख्खनच्या मोहिमांत काही वस्तू बिकानेरला आल्या' एवढ्या एका वाक्यात तुम्ही आमचा सगळा प्रदेश उरकलात, ते खटकलं. अहो, तो 'काही वस्तूं'चा मामला नाही! मुघलांच्या दख्खन मोहिमांत आलेले बिकानेरचे राजा करणसिंह औरंगाबादेतच 1669 मध्ये वारले. आमच्या शहरातला करणपुरा त्यांच्या नावाचा, पदमपुरा त्यांच्या मुलाच्या, पदमसिंहांच्या नावाचा. नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीच्या जत्रेत लहानपणी मी पाळण्यात बसून रडलोय, पण हा करण कोण हे कुणी सांगितलं नव्हतं. चाळिशीनंतर बिकानेरचा जुनागड किल्ला बघायला गेलो, तिथल्या गाइडच्या तोंडून कळलं. बायको म्हणाली, घरापासून दोन किलोमीटरवरची गोष्ट कळायला एवढा लांबचा प्रवास!

करणसिंहांचे आणखी एक पुत्र अनूपसिंह यांचीही बरीच हयात दख्खनेतच गेली, 1698 मध्ये आताच्या आंध्र प्रदेशातल्या आदोनीला वारले. या मोहिमांत त्यांनी पोथ्या जमवल्या, त्यातून बिकानेरचा प्रसिद्ध संस्कृत ग्रंथसंग्रह उभा राहिला. बिकानेरी चित्रांवर दख्खनी शैलीची छाप पडली तीही याच काळात. म्हणून ट्रस्टच्या संग्रहाचं एखादं फिरतं प्रदर्शन इकडे संभाजीनगरातही यावं, निदान चित्रांच्या चांगल्या प्रतींचं तरी. पदमपुऱ्यातली पोरं नक्की बघायला येतील, मी स्वतः घेऊन येतो.