म्हणे, पेट्रोलच्या बचतीत हप्ता निघतो!

‘जुनी गाडी देऊन नवी घ्या, पेट्रोलच्या बचतीतच हप्ता निघून जातो, दाजी.’ हे वाक्य आता पुन्हा कुणी माझ्यासमोर काढलं ना, तर भांडण होणार आहे. शालक बोलून झाला, शेजारचे नाना बोलून झाले, शोरूमचा पोरगा तर फोन करकरून डोकं खातो. लग्नाच्या पंगतीत बट्टी वाढणारासुद्धा वाकून विचारतो, ‘गाडी किती देस?’ लिटरला चौदा किलोमीटर म्हटलं की तोंड वाकडं. ‘इकी टाक ना भो!’ अरे, पेट्रोल काय तुझ्या खिशातून भरतो का मी?

कागद घ्या, पेन घ्या. माझं फिरणं महिन्याला हजार किलोमीटरच्या आसपास. अमळनेर-जळगाव, कधी धुळं, लगीनसराईत थोडं जास्त. चौदाच्या अ‍ॅव्हरेजने लागतं ७१ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेसात हजार. नवी गाडी वीस देते असं मानू. (ब्रोशरवरचा आकडा नका सांगू. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. मे महिन्यात एसी फुल करून पारोळ्याच्या रस्त्याला चालवून दाखवा, मग बोलू.) वीसने लागतं ५० लिटर, म्हणजे सव्वापाच हजार. बचत किती? सव्वादोन हजार.

आता हप्ता. जुनी देऊन वर साडेसहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: महिन्याला साधारण साडेतेरा हजार! अरे, माझं अख्खं पेट्रोलच साडेसात हजारांचं आहे. उद्या नवी गाडी तापीच्या पाण्यावर चालली तरी हप्ता निघत नाही! आणि पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ४,८७५ रुपये. बचतीच्या दुप्पट. इतकं साधं गणित आहे, पण हप्ता शब्द कानावर पडला की सगळ्यांचं डोकं बंद होतं.

वर रोड टॅक्स, विमा, आणि शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरणारी किंमत. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. जीएसटी कमी झाला म्हणून नाचतात. झाला ना, २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवर २८चा १८ टक्के झाला. पण नवी स्वस्त झाली की माझ्या जुनीला कोण जास्त भाव देणार?

मग नवीन भीती: ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज घटतं, हे खरं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट लिहिलेली आहे. धरा सात. माझे महिन्याला पाचशेवर थोडे जातात. त्यात इथेनॉलमुळे रबराचे एकदोन पाइप बदलावे लागले तर बदलीन. त्यासाठी साडेसहा लाखांचं कर्ज काढू? गाडी २०१२ची आहे, २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा आरसी रिन्यूचे पाच हजार भरावे लागतील, पर्यावरण कर भरावा लागेल. हे सगळं मिळूनसुद्धा एका हप्त्याच्या पुढेमागेच राहतं. नवापूरकडची मंडळी बघा, हद्द ओलांडून गुजरातेत टाकी फुल करून येतात. लिटरमागे चांगले पैसे वाचतात, तेही कर्ज न काढता.

ज्याचं फिरणं महिन्याला पाच हजार किलोमीटर आहे, चोपड्याची कालीपिली टॅक्सी आहे, त्याने जरूर बदलावी, सीएनजी घ्यावी. त्याची बचत पेट्रोलवरच अकरा हजारांवर जाते, सीएनजीने आणखी, त्याचं गणित जमतं. ज्याची गाडी दहाच देते, त्यालाही जमू शकेल, कारण दहावरून चौदावर जाण्यात जेवढं पेट्रोल वाचतं तेवढं वीसवरून अठ्ठावीसवर जाण्यात वाचत नाही. पण हेही कुणाला सांगायचं? सगळ्यांना फक्त मोठा आकडा ऐकायचा असतो.

शालकाला शेवटी विचारलंच, ‘खरं सांग, तुला माझ्या पेट्रोलची एवढी काळजी का?’ म्हणे, ‘दाजी, तशी नाही, पण नवीला सनरूफ येतं ना.’

सनरूफ! जळगावात! मे महिन्यात!