ओयम्याकोनचा तो फॉरवर्ड आणि कुणीच न मोजलेले मायनस 71.2

गेले आठ-दहा दिवस आमच्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, आणि काल मामांनी पण टाकला, वर "वाचा, आपण किती सुखी आहोत ते कळेल" असं लिहून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रशियात ओयम्याकोन नावाचं गाव आहे, आर्क्टिक सर्कलच्या आत, ही पृथ्वीवरची सगळ्यात थंड जागा, 1924 साली तिथे मायनस 71.2 डिग्री मोजलं, हिवाळ्यात 21 तास अंधार, कायम बर्फाची वादळं, झाड नाही की गवत नाही, राहणारे लोक म्हणजे स्टालिनने पाठवलेल्या कैद्यांची नातवंडं, 2018 मध्ये थंडीने थर्मामीटर फुटला आणि आता थंडीला कंटाळून लोक गाव सोडून चाललेत. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

मामा, राग मानू नका, तुम्ही काय मुद्दाम केलेलं नाहीये. पण मला नकाशे बघायचा नाद आहे आणि हे गाव त्यातलं जुनं लाडकं, त्यामुळे राहवत नाही, एकेक वाक्य धरूनच बोलतो.

"1924 साली मायनस 71.2 मोजलं." हा आकडा कुठल्याही थर्मामीटरवर कुणी वाचलेलाच नाही. सर्गेई ओब्रुचेव नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ इंदिगिर्का नदीच्या खोऱ्यात मोहीम घेऊन गेला तोच मुळी 1926 ला, आणि हे खोरं सायबेरियातल्याच, थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हर्खोयान्स्क गावापेक्षाही थंड असणार असं त्याने म्हटलं. 71.2 हा पुढे हिशोबाने काढलेला अंदाज. मग तो अंदाज गावातल्या स्मारकावर गेला, स्मारकाचे फोटो निघाले, फोटोतला आकडा मेसेजमध्ये आला आणि "अंदाज" हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. खरोखर मोजलेला नीचांक 6 फेब्रुवारी 1933 चा आहे, मायनस 67.7, काही नोंदींत 67.8. व्हर्खोयान्स्कचा पण फेब्रुवारी 1892 मधला मायनस 67.8, आणि गंमत म्हणजे तोही आधी 69.8 म्हणून छापला गेला होता, नंतर थर्मामीटरची चूक वजा करून 67.8 केला. म्हणजे दोन्ही गावांची भांडणं लागावीत इतपतच फरक, आणि ती लागतातच, "थंडीचा ध्रुव" आमचाच म्हणून दोघांनीही खांब रोवलेत.

आणखी एक, ज्या स्टेशनच्या नोंदी आपण ओयम्याकोनच्या म्हणून वाचतो ते स्टेशन गावात नाहीच्चे, ते ओयम्याकोन आणि तोमतोर या शेजारच्या मोठ्या गावाच्या मधल्या दरीत आहे. तोमतोरवाले यावरून पण कुरकुर करतात, रेकॉर्ड आमच्या बाजूचं आणि टुरिस्ट तुमच्याकडे.

"पृथ्वीवरची सगळ्यात थंड जागा." छे. अंटार्क्टिकातल्या रशियाच्याच व्होस्तोक स्टेशनवर 21 जुलै 1983 ला मायनस 89.2 होतं. उत्तर गोलार्धाचा रेकॉर्ड पण आता सायबेरियाकडे राहिला नाही, ग्रीनलंडच्या बर्फावरच्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने 22 डिसेंबर 1991 ला मायनस 69.6 नोंदवलं होतं, ते जागतिक हवामान संघटनेने 2020 मध्ये मान्य केलं. फक्त तिथे माणूस राहत नाही. "कायमची वस्ती असलेलं सगळ्यात थंड गाव" असं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

"आर्क्टिक सर्कलच्या आत" आणि "21 तास अंधार", हे दोन एकत्रच घेतो. गाव साधारण 63 अंश 27 मिनिटं उत्तरेला आहे, आर्क्टिक सर्कल साडेसहासष्टच्या पुढे, म्हणजे गाव रेषेच्या चांगलं तीनशे-साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला. त्यामुळे 21 डिसेंबरला सुद्धा सूर्य चार-साडेचार तास असतोच आणि शिवाय त्याच्या आधी-नंतर लांबलचक संधिप्रकाश. जूनमध्ये उलट, वीस तासांच्या वर दिवस. आणि उन्हाळ्यात तिथे 30 च्या वर पारा जातो, डास इतके की गुरं हैराण होतात. पण हे फॉरवर्डमध्ये कोण टाकणार.

आता वादळांचं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपला, कारण इथे मेसेज बरोब्बर उलटा आहे. जानेवारीत तिथे वारा जवळजवळ नसतोच, आणि वारा नाही म्हणूनच इतकी थंडी पडते. हिवाळाभर सायबेरियावर जड हवेचा मोठा दाब बसून राहतो, आकाश निरभ्र, जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते आणि डोंगरउतारावरून ओघळत खाली खोऱ्यात साचते, पाणी जसं खड्ड्यात साचतं तसंच. चारी बाजूंनी डोंगर, वारा नाही, मग ती ढवळणार कशी? खोरं समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरवर आहे, आणि त्या दिवसांत बाजूचा डोंगर चढून वर गेलात तर चक्क ऊब लागते. आपल्याकडे घाट चढला की गारवा, तिकडे उलट.

पण आपल्याकडे पण हे दिसतं की! महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठी गाड्यांच्या टपावर हिमकण साचतात, पेपरात दरवर्षी फोटो असतो, आणि त्याच पहाटे वर बाजारपेठेत स्वेटर घालून लोक आरामात चहा पीत असतात. तलावाची जागा खोलगट आहे म्हणून. ओयम्याकोन म्हणजे हाच खेळ, फक्त वाडगं कित्येक पट मोठं आणि महिनोन् महिने रात्री लांबच लांब.

बर्फ पण तसा कमीच पडतो. वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून दोनशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही बराचसा उन्हाळ्यातला पाऊस. आपलं दुष्काळी दहिवडी-म्हसवड पण यापेक्षा ओलं म्हणायचं.

"झाड नाही, गवत नाही." सगळीकडे लार्चचं जंगल आहे, सुया गळणारं सूचिपर्णी झाड, जमीन खाली कायमची गोठलेली असली तरी वरचा थर उन्हाळ्यात विरघळतो तेवढ्यात ते मुळं धरतं. आणि गवत नसतं तर गावच नसतं राव, इथून पुढे नीट वाचा.

कारण "कैद्यांची नातवंडं" हे वाक्य मला नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचं वाटतं. गावात मुख्यतः साखा लोक आहेत, रशियन लोक ज्यांना याकुत म्हणतात ते, तुर्की कुळातली भाषा, पूर्वज दक्षिणेकडून बैकाल सरोवराच्या बाजूने घोडे आणि गुरं घेऊन वर आलेले. त्यांच्या जोडीला एवेन, म्हणजे रेनडिअरवाले. ओयम्याकोन हे नावच एवेन भाषेतल्या न गोठणाऱ्या पाण्याच्या शब्दावरून आलं असं सांगतात, हिवाळ्यात गुरांना पाणी पाजायला आणि मासे धरायला उघडी राहणारी जागा, म्हणून कळप घेऊन फिरणारे इथे थांबायचे. सोव्हिएत सरकारने 1930 च्या दशकात सामुदायिक शेती आणि पशुपालन लादलं, फिरत्या लोकांना एका जागी बसवलं आणि मुक्कामाच्या जागेचं पक्कं गाव झालं. जबरदस्ती झालीच, पण ती यांच्याच माणसांवर, यांच्याच जमिनीवर.

कैद्यांची गोष्ट वेगळी, आणि ती खरी आहे. शेजारच्या कोलिमा भागातलं सोनं आणि कथिल काढायला 1931 मध्ये दालस्त्रॉय ही यंत्रणा उभी राहिली, 1932 पासून मगदान बंदराहून आत रस्ता सुरू झाला आणि तो गुलाग म्हणजे सक्तमजुरीच्या छावण्यांतल्या कैद्यांकडून करून घेतला, किती मेले त्याचा धड हिशोब नाही, लोक त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. मगदान ते याकुत्स्क साधारण दोन हजार किलोमीटर. त्याची जुनी शाखा तोमतोरवरून जाते, म्हणून हे गाव त्या इतिहासाच्या शेजारी आहे, पण गाव त्यातून जन्मलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 45, अलास्काच्या फेअरबँक्सहून क्रास्नोयार्स्कपर्यंत अमेरिकेने दिलेली आठेक हजार विमानं सोव्हिएत वैमानिकांनी उडवत नेली, त्या मार्गावरची एक राखीव धावपट्टी इथे होती. एवढ्याशा गावाच्या डोक्यावरून काय काय गेलंय बघा.

गवताचं सांगत होतो. साखा घोडा ठेंगणा, केसाळ, हिवाळाभर बाहेरच. मायनस 50 ला पण गोठ्यात नाही, खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खातो. गायींना मात्र ते झेपत नाही, त्या मातीशेणाने लिंपलेल्या बुटक्या गोठ्यात, त्याला खोतोन म्हणतात, आणि पाण्यावर न्यायचं झालं तर कासेला लोकरी-केसाळ कापडाची पिशवी बांधतात, नाहीतर सड गारठून फुटतील. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने सगळं गाव गवत कापण्यात, तेच पुढचे आठ-नऊ महिने पुरवायचं. घरात पाणी म्हणजे नदीतून करवतीने कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या, दाराबाहेर रचून ठेवलेल्या, लागेल तशी एक आत आणून वितळवायची. खालची जमीन कायमची गोठलेली, तिथे पाइप कुठून टाकणार. याकुत्स्कच्या बाजारात मासे बादलीत उभे असतात, काठ्यांसारखे कडक, आणि दूध पण गोठवून चकत्यांनी. फ्रीजचा खर्च नाही म्हणा हवं तर.

थर्मामीटर फुटला? नाही. जानेवारी 2018 मध्ये टुरिस्टांसाठी लावलेला एक डिजिटल थर्मामीटर मायनस 62 दाखवून बंद पडला. त्याच वेळी अधिकृत स्टेशनचा आकडा होता मायनस 59. शोभेच्या यंत्राने मान टाकली आणि जगभर बातमी.

राहिलं "थंडीला कंटाळून गाव सोडतायत". गावात 2010 च्या जनगणनेला साडेचारशेच्या वर माणसं होती. ओयम्याकोन नावाचा जो अख्खा जिल्हा आहे तो 92 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा भरेल जवळपास, आणि त्यात 2010 ला माणसं होती दहाएक हजार. सोव्हिएत काळ संपताना हीच संख्या तीस हजारांच्या घरात होती. 1990 नंतर असं काय झालं, थंडी वाढली का? सोव्हिएत संघ कोसळला, खाणींना मिळणारा सरकारी पैसा आणि बोनस पगार बंद झाला, बाहेरून आलेले कामगार परत गेले. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगाव रिकामं झालं त्याला कुणी मुंबईचा उकाडा कारण म्हणत नाही.

जाता जाता, मामा, तुमच्या लडाख ट्रिपचा तो द्रासच्या बोर्डापाशी काढलेला फोटो, "जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड वस्तीचं ठिकाण". ओयम्याकोनची जानेवारीची सरासरीच मायनस 46 च्या आसपास आहे, द्रासची त्याच्या जवळपास पण जात नाही, आणि मध्ये व्हर्खोयान्स्क, तोमतोर वगैरे मंडळी रांगेत उभी आहेतच. फोटो झकास आलाय, डीपीला राहू दे, खालची ओळ तेवढी काढा.