खलनायिकेची कैफियत

न्यू जर्सीला लेकाकडे आल्यापासून मी या घरातली खलनायिका आहे. सासू म्हटल्यावर त्यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. पण हा शिक्का सुनेनं मारलेला नाही. ती बिचारी ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ म्हणते आणि खरंच करते. शिक्का मारलाय पहिलीतल्या नातवानं, आणि त्याला फूस आहे ‘वाइल्ड क्रॅट्स’ नावाच्या मालिकेची.

ज्यांची नातवंडं अमेरिकेत वाढतायत त्यांना हे नाव नवं नाही. बाकीच्यांसाठी सांगते. क्रॅट हे आडनाव. मार्टिन थोरला, ख्रिस धाकटा, दोघं सख्खे भाऊ आणि अगदी खरे. थोरला प्राणिशास्त्र शिकला, धाकटा जीवशास्त्र, आणि शिकून नोकरीला लागायचं सोडून दोघं जंगलात हिंडत बसले. त्यांच्या आईला काय वाटलं असेल, हा माझा पहिला विचार. पण पोरांनी नाव काढलं. 1996 पासून ते मुलांसाठी प्राण्यांच्या मालिका करतायत. मधे एका मालिकेत चक्क एक लेमूर होता, मादागास्करच्या झाडांवर राहणारा प्राणी, तो यांच्या घराच्या खिडकीतून उडी मारून आत यायचा. मग 3 जानेवारी 2011 ला पीबीएस या इथल्या सार्वजनिक वाहिनीवर ‘वाइल्ड क्रॅट्स’ सुरू झाली, आणि माझा नातू जन्मायच्या आधीच त्याचं बालपण ठरून गेलं.

मालिकेच्या सुरुवातीला दोघे भाऊ खरे दिसतात, निळ्या आणि हिरव्या कपड्यांत, कुठेतरी चिखलात पालथे पडलेले. मग त्यांची कार्टून होतात. कार्टूनमधे दोघांकडे एक पोशाख असतो. त्यात चकती घालायची, समोरच्या प्राण्याला हात लावायचा, छातीवर थाप मारायची, की त्या प्राण्याची ताकद अंगात येते. चित्त्याला शिवलात तर चित्ता, मगरीला शिवलात तर मगर. जाहिराती नसतात. लोक याचं कौतुक करतात, पण जाहिरात नाही म्हणजे उठून कुकर बघायलाही सवड नाही, कारण मी शेजारी बसून बघायचं हा नियम आहे. ‘आजी, बघ बघ बघ’ असं तीनदा झालं आणि मी बघितलं नाही, तर तो भाग पहिल्यापासून लागतो.

माझ्या नातवाकडे तसा पोशाख आहे. सुनेनं जुन्या टी-शर्टला छातीवर खिसा शिवून दिलाय, आणि माझ्या औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून चकत्या केल्यात. रक्तदाबाच्या गोळीचं नाव मागे छापलेली ती चकती घालून तो सध्या बहिरी ससाणा होतो. सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो हा पक्षी, असं तो सोफ्याच्या पाठीवर उभा राहून सांगतो. नंतरचं मी सांगत नाही. माझ्या गुडघ्याला विचारा.

आता खलनायकांकडे येते. मालिकेत ते मुख्यतः तीन. एक झॅक व्हार्मिटेक, ह्याच्या यंत्रमानवांचा सगळीकडे सुळसुळाट. दुसरी डोनिटा डोनाटा, ही फॅशनवाली बाई जिवंत प्राण्यांना जागच्या जागी थिजवते आणि दागिन्यांसारखं अंगावर मिरवते. तिसरा गूर्मांड, हा स्वयंपाकी, दुर्मीळ प्राणी दिसला की याला फोडणी आठवते. तिघांची खाती वेगळी, माणसं वेगळी. आमच्या घरी मात्र मनुष्यबळ कमी असल्यामुळे तिन्ही कामं माझ्याकडे आली.

बाकीच्यांची वाटणी बघा. लेकाला जिमी मिळाला. जिमी म्हणजे क्रॅट भावांच्या टोळीतला वैमानिक, हातात कायम खेळाचा रिमोट आणि डोक्यात पिझ्झा. लेकानं ही भूमिका वाचूनच केल्यासारखी केली, तक्रार नाही. सून मात्र सरळ नायकांच्या पंगतीत जाऊन बसली, तेही काही न करता. तिचं माहेर चंद्रपूर. ताडोबा तिथून जवळ, 1955 सालचं राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. तिनं लहानपणी जिप्सीतून वाघ बघितलाय. एकदाच, आणि तोही पाठमोरा, हे तिनं मला सांगितलंय, नातवाला नाही. आता मी मालवणची. आमच्याकडे वाघ नाहीत त्याला मी काय करू? आमच्याकडे मासे आहेत. तिथेच घात झाला.

ओक ट्री रोडच्या दुकानात गोठवलेली सुरमई मिळते. मी ती आणली, हळद-मीठ लावून ठेवली, तिरफळं शोधून काढली (ती मी येताना रुमालात बांधून आणते), आणि तवा तापवला. नातू स्वयंपाकघराच्या दारात आला, मान तिरकी करून तुकड्यांकडे बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, ‘गूर्मांड.’ नंतर तो जेवला. चांगले तीन तुकडे जेवला. पण आरोप मागे घेतला नाही. खलनायकाच्या हातचं खाल्लं की त्याची योजना कळते म्हणे.

दुसरं खातं संक्रांतीला मिळालं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला मी पैठणी काढली, पदरावर बांगडी-मोर. नातवानं पदर हातात घेतला. ‘आजी, ह्या मोरांना कुणी फ्रीझ केलं?’ मी म्हटलं, अरे विणलेत ते, येवल्याला. कशानं विणलेत? रेशमानं. रेशीम कुठून येतं? इथे जिमीसाहेबांनी, रिमोट खाली न ठेवता, तोंड उघडलं आणि किडा, कोष, उकळतं पाणी अशी सगळी गोष्ट पोराला तपशीलवार सांगितली. एका साडीला हजारो कोष लागतात हेही सांगितलं. स्वतःच्या आईबद्दल बोलतोय याचं भान नाही. त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला मी लेकाच्या लग्नातली पैठणी नेसून गेले आणि माझा नातू जमलेल्या सगळ्या बायकांना एकेक करून सांगत होता, माझी आजी डोनिटा आहे. दोघी-तिघींनी ‘हो का, किती छान नाव’ म्हटलं.

झॅकचं खातं हरणांमुळे आलं. इथे मागच्या अंगणात पांढऱ्या शेपटीची हरणं येतात, गावात गुरं यावीत तशी. मी मेथी पेरली होती, कोथिंबीर पेरली होती. इवलीशी पानं वर आली, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जायची, आणि एके दिवशी नुसती माती. हरणांनी सोडलं असेल ते ग्राउंडहॉगनं संपवलं. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला पण मांजराएवढा, गुबगुबीत, हिवाळाभर बिळात झोपणारा प्राणी. झोपून उठल्यावर त्याला भूक लागणारच, असं नातवाचं म्हणणं. माझ्या मेथीचं काय, यावर मालिकेत भाग नाही. मग मी कोकणी बाई करते ते केलं. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या, लेकाचा जुना शर्ट चढवला, वर मडकं मिळेना म्हणून प्लॅस्टिकचा दुधाचा डबा पालथा घातला आणि बुजगावणं उभं केलं. नातू शाळेच्या बसमधून उतरला तो ओरडतच, ‘झॅकबॉट!’ दप्तर टाकून, चकती घालून, त्यानं माझ्या बुजगावण्यावर नाकतोडा, ससाणा आणि अस्वल अशा तीन रूपांत हल्ला केला. हरणं कुंपणापाशी उभी राहून बघत होती.

तिन्ही पदं एकत्र आल्यावर माझ्या घरातल्या हालचालींवर निर्बंध आले. फ्रीज उघडला तर पाठीमागे उभा. शिवणाची कात्री घेतली तर विचारणा. आणि दिवसभर प्रश्न. प्लॅटिपसला दूध असतं की अंडी? दोन्ही, मला पाठ झालंय. हा ऑस्ट्रेलियातला बदकाच्या चोचीचा प्राणी पाण्यात डोळे, कान, नाक सगळं मिटून घेतो आणि भक्ष्याच्या अंगातल्या बारीकशा विजेवरून चोचीनं ते शोधतो. आपल्या महावितरणला हा प्राणी हवा होता. क्रॅट भावांच्या नावाचा खरा किडा कुठला? एक प्रार्थनाकीटक, 2014 मधे शास्त्रज्ञांनी त्याला यांचं नाव दिलं. पोरगा हे सगळं ज्या तडफेनं सांगतो ना, तेवढ्यापुरतं मला माझं खलनायकत्व विसरायला होतं. पाढे मात्र पाचाच्या पुढे जात नाहीत.

मी सुटायचा प्रयत्न केलाच. क्रॅट भावांचं उडतं घर समुद्री कासवाच्या आकाराचं आहे, तोर्तुगा. एकदा ते पडद्यावर आलं तेव्हा मी हळूच म्हटलं, आमच्या वेंगुर्ल्याकडे वायंगणीला खरी येतात. पोरानं टीव्ही थांबवला. स्वतःहून! मग मी सांगितलं. थंडीच्या दिवसांत रात्री मादी किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू दाबून बसवते आणि समुद्रात निघून जाते, एकदाही मागे न बघता. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि पाण्याकडे धावत सुटतात. आता लोक घरट्यांना कुंपण घालतात, राखण करतात. तिकडे रत्नागिरीत वेळासला तर पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं जमतात. नातू माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मला वाटलं, झाली बढती. आमच्या लहानपणी हीच अंडी लोक टोपली भरून घरी न्यायचे आणि खायचे, हे मी गिळून टाकलं. वाक्य गिळलं, अंडी नव्हे.

बढती चार-सहा दिवस टिकली असेल. मग शार्कचा भाग लागला.

निळ्या पाण्यातून तो राखाडी मासा वळण घेत आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगो बाय, ही तर मोरी!’

‘आजी, तू ओळखतेस तिला?’

ओळखते? मोरी म्हणजे आमच्याकडे खातात तो लहान शार्क, मी मालवणच्या बाजारात तिचा वाटा घासाघीस करून घेतलाय. पोर सांगत होतं, शार्कची कातडी बारीक बारीक दातांची बनलेली असते, आणि मी मान डोलवत होते, कारण ती कातडी मी काढलेली आहे. शेपटीकडे हात फिरवला तर लागत नाही, उलटा फिरवला तर किसणी. म्हणून आधी कढत पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, मग सुरीनं खरवडायचं, सगळी वाळू निघाल्यासारखी निघते. तो म्हणाला, शार्कला हाडंच नसतात. मी म्हटलं, नसतातच मुळी, मधे एक कुरकुरीत दांडा, म्हणून तर पोरांना आणि म्हाताऱ्यांना बिनघोर देता येते. तो म्हणाला, तुला कसं माहीत? तोवर माझ्या डोळ्यांपुढे वाटप परतायला लागलं होतं. सुकं खोबरं, धणे, बडीशेप, लाल मिरच्या, कांदा काळपट होईस्तोवर भाजलेला. मी म्हटलं, ‘मटणासारखी करतात रे. वर वडे.’

त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात फक्त पडद्यावरचा शार्क हलत होता.

सुनेनं सावरायचा प्रयत्न केला, आजी खूप जुन्या काळातलं सांगतेय वगैरे. माझ्या वयावर आलेलं बघून मी म्हटलं, काही जुनं नाही. तुझा बाबा झाला तेव्हा माझ्या आईनं मला मोरीच घातली होती खायला. बाळंतिणीला दूध येतं तिनं, आमच्याकडे सगळ्याच घालतात.

नातू रडायच्या बेतात होता, तो थांबला. त्यानं बोटांवर काहीतरी जुळवलं. शार्क आजीच्या पोटात गेला. मग दुधात आला. मग बाबानं प्यायलं.

‘म्हणजे बाबामधे शार्क आहे?’

मी म्हटलं, ‘भरपूर.’

जिमी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसला होता, कॅमेरा चालू. दार धाडकन उघडलं, नातवानं बापाच्या दंडाला हात लावला, छातीवर थाप मारली आणि दात विचकून टेबलाखालून पोहत गेला. पलीकडून कुणीतरी साहेब काहीतरी विचारत होते. लेक म्हणाला, ‘सॉरी, माय सन इज अ शार्क.’ साहेबांच्याही घरी लहान मूल असावं, कारण त्यांनी फक्त कुठल्या जातीचा एवढंच विचारलं.

तेव्हापासून या घरात शार्कची ताकद फुकट मिळते, बाबाला हात लावला की झालं, आणि ती मूळची माझ्याकडून आली असल्यामुळे माझ्यावरचे खटले थंड पडलेत. आता त्याला स्वतःत काय आहे ते हवं होतं. रात्री जेवताना त्यानं आईला विचारलं, मी झालो तेव्हा तू काय खाल्लंस? सून शाकाहारी, आणि खोटं बोलता न येणारी.

‘हळिवाचे लाडू,’ ती म्हणाली.

‘हळीव कुठे राहतो? त्याला दात असतात?’

सून घास चावत होती. तिनं तो गिळायच्या आत मी म्हटलं, ‘ताडोब्यात असतो, सोन्या. फार लाजाळू, रात्रीचाच बाहेर पडतो. तुझ्या आईच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे तो.’

दिवाळीच्या सुट्टीत ते तिघं चंद्रपूरला जाणार आहेत. पोरानं हळिवासाठी नवी चकती कापून ठेवलीय, आणि तो दाखवायचं काम सुनेकडे आहे.