बागा वाढल्या, मधली दीडशे पावलं राहिली

बाबा फिरायला निघताना डाव्या खिशात बारा खडे घेतात. बागेची एक फेरी झाली की एक खडा उजव्या खिशात. बाराही खडे इकडचे तिकडे झाले की घरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हापासूनचा हा नेम. बाग चांगली आहे. झाडं मोठी आहेत, ट्रॅक स्वच्छ असतो, बसायला बाकं आहेत. तरीही एकदा घरी येऊन बूट काढता काढता ते म्हणाले, "अगं, रोज चालतो खरा, पण जात कुठेच नाही."

मग ओढ्याच्या कडेनं नवी वाट झाली. आमच्या बागेच्या मागच्या फाटकातून निघायचं आणि ओढ्याच्या सोबतीनं चालत राहायचं. त्या दिवसापासून बाबांनी खडे नेणं बंद केलं. परत आले की सांगायला काहीतरी असायचं: पुलाखाली खंड्या बसला होता, शाळेची मुलं त्याच वाटेनं चालली होती, जुना सहकारी अचानक भेटला. बागेत फेऱ्या मारणारा माणूस व्यायाम करतो. वाटेनं कुठेतरी पोचणारा माणूस व्यायाम करतोच, शिवाय चार माणसांत जातो. हा फरक मी घरात पाहिलाय, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे.

पण ही वाट मोठ्या रस्त्यापाशी येऊन तुटते. पलीकडे ती पुन्हा सुरू होते आणि थेट वाचनालयापर्यंत जाते. मधलं अंतर मी मोजलंय, दीडशे पावलं. तिथे पट्टे नाहीत, सिग्नल नाही, दुभाजकात थांबायला जागा नाही, आणि फूटपाथवरून उतरायला जी पायरी आहे ती बाबांच्या गुडघ्याला झेपत नाही. एका हातात काठी, दुसरा हात खांबावर, असे ते उभे राहतात. वाहनांचा ओघ कमी होईल म्हणून वाट बघतात आणि मागे फिरतात. वाचनालय समोर दिसत असतं.

उपनगरं वाढतात तशा बागा वाढतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बागांची संख्या हा हिशेब अपुरा आहे. एक बाग इथे, एक तिथे, मध्ये भरधाव रस्ते, अशी बेटं कितीही झाली तरी त्यांचा लाभ शेजारच्यांनाच. माझं स्पष्ट मत आहे की दहावी बाग बांधण्याआधी आहेत त्या नऊ जोडाव्यात. निधी तुटपुंजा असेल तर आधी जोडणीला द्यावा.

हा विचार नवा नाही. बागांचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये 1878 पासून बागांची एक साखळीच आखली. तिला लोक 'एमराल्ड नेकलेस', म्हणजे पाचूंचा हार म्हणतात. सुमारे अकरा किलोमीटरभर बागा, तळी आणि झाडांच्या वाटा एकमेकींना धरून आहेत. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती. तिथली दलदल सांडपाण्यानं घाण झाली होती, पुराचं पाणी तुंबत होतं. ते पाणी मार्गी लावता लावता माणसांसाठी वाट निघाली. आणि त्या हाराचा शेवटचा, समुद्राकडे नेणारा दुवा आखल्याप्रमाणे कधीच पुरा झाला नाही. आमची दीडशे पावलं आठवली की मला तो दुवा आठवतो. राहिलेलं काम किती काळ राहू शकतं!

सिंगापूरनं हेच आपल्या काळात करून दाखवलं. 1990 च्या दशकापासून तिथे कालव्यांच्या आणि नाल्यांच्या काठची राखीव पट्टी, उड्डाणपुलांखालची जागा असं जे आधीच हाताशी होतं ते वापरून बागा जोडत नेल्या. आज असे जोडमार्ग 300 किलोमीटरच्या वर आहेत. म्हणून "जागा कुठे आहे?" हा प्रश्न मला पटत नाही. पाण्याच्या काठी जागा असते, उच्चदाब वाहिन्यांखाली असते, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर असते. रेल्वेची जुनी वाट तर चालायला फारच सोयीची, कारण गाडीला चढ झेपत नाही म्हणून तो मार्ग मुळातच सपाट आखलेला असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एलरॉय ते स्पार्टा या जुन्या रेल्वेमार्गाची 1960 च्या दशकात अशीच वाट झाली. सुमारे 51 किलोमीटर लांब, वाटेत तीन बोगदे.

लांबी म्हणजे सगळं नव्हे, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात 'रेडवे' नावाच्या वाटांचं मोठं जाळं आहे, पण लोक त्या पुरेशा वापरत नाहीत ही टीका जुनी आहे. वाटा वळणं घेत जातात, भुयारी मार्गात एकट्यानं जायला भीती वाटते, आणि गाडीनं जाणंच सोपं पडतं. संध्याकाळी सातनंतर मीसुद्धा अशा भुयारातून जाणार नाही, मुलीला तर पाठवणारच नाही. वाट अशी हवी की आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांतून ती दिसेल. दिवे हवेत, पण ओढ्याकाठी ते खाली झुकलेले आणि मंद असावेत, कारण तिथे पाखरं आणि वटवाघळंही राहतात.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, म्हणून विसरल्या जातात. चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर असतील तर निदान तीन मीटर रुंदी लागते. चढ वीस मीटरला एक मीटरपेक्षा जास्त असला की चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो. बाकाला पाठ आणि हात हवेत, कारण म्हातारं माणूस हात टेकूनच उठतं. मोटारसायकली अडवायला वाटेच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लावतात, त्यात चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही अडकते. आणि सावली! सावलीशिवाय वाट दुपारभर रिकामीच राहते. शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनिनेनडाइक यांनी 2021 मध्ये एक सोपा नियम मांडला: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांचं छत्र असावं आणि 300 मीटरच्या आत बाग असावी. नियम मला फार आवडतो. फक्त ते 300 मीटर चालता येण्याजोगे हवेत.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. वाट चांगली झाली की तिच्या काठची घरं महाग होतात. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्यानं 1999 च्या प्रबंधात जुन्या रेल्वेमार्गांच्या सुमारे 35 किलोमीटरच्या वर्तुळावर हलकी रेल्वे चालवून वस्त्या जोडायची कल्पना मांडली. त्यातूनच पुढे 'बेल्टलाइन' ही चालायची वाट उभी राहिली. पुढे तिच्या काठची घरं परवडेनाशी होऊ लागली, आणि 2016 मध्ये त्याच ग्रॅव्हेल यांनी या प्रश्नाकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही म्हणून प्रकल्पाशी जोडलेल्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. ज्यानं मूळ कल्पना सुचवली त्यालाच असं बाजूला व्हावं लागलं, हे वाचून मला वाईट वाटलं. वाट आखतानाच तिच्या काठी राहणाऱ्या भाडेकरूंचा विचार झाला पाहिजे. नंतर केलेला विचार उपयोगाचा नसतो, तोवर माणसं निघून गेलेली असतात.

आमच्या रस्त्याबद्दल मी दोनदा अर्ज दिलाय. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यावर "मागणी तपासली जाईल" असं कळवलंय. मी पूल मागितलेला नाही. पुलाच्या पायऱ्या चढायला लावणं म्हणजे बाबांना घरीच बसवणं. मला हवंय ते एवढंच: रस्त्याला फूटपाथच्या उंचीवर आणणारा रुंद पट्टा, म्हणजे गाड्यांना वेग कमी करावाच लागेल, आणि मधोमध काठी टेकून थांबता येईल इतका ओटा.

तिसरा अर्ज या आठवड्यात देणार आहे. या वेळी सोबत सह्या जोडायच्या आहेत. शाळेत त्याच वाटेनं जाणाऱ्या मुलांच्या आयांनी होकार दिलाय. पहिली सही बाबांची आहे, काल रात्री केली. सकाळी निघताना त्यांनी पुन्हा बारा खडे मोजून खिशात टाकले.